इंदापुरची जमाबंदी आणि बीजगणिताचें एक सूत्र

बीजगणित हा शब्द कानीं पडला म्हणजे शाळेंतील फळा आणि परीक्षेंतील उदाहरणें डोळ्यांपुढें उभीं राहतात. अक्षरांच्या त्या खेळाचा शेतकऱ्याच्या भाकरीशीं कांहीं संबंध असेल, असें सहसा कोणाच्या मनांत येत नाहीं. पुणें जिल्ह्याच्या अगदीं पूर्वेस असलेल्या इंदापूर तालुक्याचा इतिहास मात्र निराळी साक्ष देतो. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धांत, अवघ्या सहा वर्षांच्या अंतरानें, या तालुक्यांत जमिनीचा सारा ठरविण्याच्या दोन रीती लागू झाल्या. पहिली रीत त्या काळच्या अर्थशास्त्राच्या अगदीं ताज्या सिद्धांतावर उभारलेली होती. तिच्या अमलांत जमिनी पड राहिल्या व कुळें परागंदा झालीं. दुसरी रीत दिसण्यांत साधी, जवळजवळ कारकुनी होती. ती पुढें सबंध मुंबई इलाख्यांत पसरली आणि तिच्या खुणा आजही गांवच्या दप्तरांत दिसतात. दोन्ही रीती हजारों शेतांची माहिती गोळा करीत, तिचे गट पाडीत आणि बेरजा मारीत. भेद होता तो सूत्राच्या मांडणीचा.

या मुलुखाची ठेवण प्रथम ध्यानांत घेतली पाहिजे. इंदापूर तालुक्याच्या उत्तरेस व पूर्वेस भीमा, दक्षिणेस नीरा, आणि पश्चिमेस बारामतीचा प्रदेश. बारामती हें कऱ्हेच्या कांठचें गांव; बाबूराव नाईकांच्या आश्रयानें मोरोपंतांनीं आपलें काव्य जेथें रचिलें तेंच हें. त्या काळीं बारामती भीमथडी तालुक्यांत मोडत असे. सह्याद्रीवर कोसळणारा पाऊस येथपर्यंत पोहोंचतां पोहोंचतां रिता होतो. वर्षाकांठीं वीस इंचांच्या आसपास पडला तर पडला. नदीकांठीं काळी, खोल, कसदार जमीन, आणि तेथून कोस-दीड कोस आंत गेलें कीं मुरमाड माळ, अशी येथील स्थिति. एकाच गांवांत, किंबहुना एकाच शेतांत, एका टोकाला ज्वारी कमरेएवढी व दुसऱ्या टोकाला वितीएवढी, हें दृश्य येथें नवें नव्हे. अशा जमिनीवर न्यायानें सारा बसवावयाचा म्हणजे मोठीच पंचाईत.

पूर्वीच्या राजवटींनीं ही पंचाईत आपापल्या परीनें सोडविली होती. जमिनीच्या अव्वल, दूम आणि सीम अशा तीन प्रती धरण्याची वहिवाट जुनी. गांवचा एकूण आंकडा ठरे. त्याची कुळवार वांटणी पाटील-कुळकर्णी गांवच्या माहितीनुसार करीत. शेताची खरी योग्यता कागदावर नसे, ती गांवाच्या स्मरणांत असे. १८१८ सालीं पेशवाईचा शेवट झाला आणि कंपनी सरकारचा अंमल बसला, तेव्हां नव्या अधिकाऱ्यांस हें स्मरण उपलब्ध नव्हतें. त्यांना प्रत्येक शेताची नोंद कागदावर हवी होती, आणि प्रत्येक कुळाशीं स्वतंत्र व्यवहार हवा होता.

हें काम रॉबर्ट कीथ प्रिंगल या मुलकी अधिकाऱ्याकडे आलें. इंग्लंडांतील हेलिबरी येथें कंपनीच्या नोकरांसाठीं जें विद्यालय होतें, तेथें अर्थशास्त्राचे अध्यापक म्हणून माल्थस होते, आणि प्रिंगल त्यांच्या हाताखालीं शिकलेला. रिकार्डोचा ग्रंथ १८१७ सालीं प्रसिद्ध झालेला होता, आणि जमिनीच्या खंडाविषयींचा त्यांतील सिद्धांत तरुण अधिकाऱ्यांच्या जिभेवर होता. प्रिंगलचें म्हणणें थोडक्यांत असें : सरकारनें एकूण उत्पन्नाचा ठरीव हिस्सा घेतला तर चांगल्या जमिनीस तो जाणवत नाहीं, पण हलकी जमीन त्याखालीं चिरडली जाते, कारण हलक्या जमिनींत पिकापैकीं बहुतेक भाग मशागतीच्या खर्चांतच जातो. सबब एकूण उत्पन्नांतून खर्च वजा करावा, जें निव्वळ उरेल त्याचे शेंकडा ५५ सरकारनें घ्यावे आणि बाकीचे रयतेस सोडावे. विचार न्यायाचा होता, हें त्याच्या टीकाकारांसही नाकारतां येणार नाहीं.

या विचारास सूत्राचें रूप दिलें म्हणजे त्यांतील अडचण दिसूं लागते. गांवोगांव जमिनीच्या प्रती ठरवावयाच्या. प्रत्येक प्रतीच्या एकरांत काय पिकतें याचा अनेक वर्षांचा अंदाज घ्यावयाचा. तें पीक बाजारभावानें पैशांत मांडावयाचें. मग नांगरट, बैल, बीं, खुरपणी, कापणी, मजुरी या सर्वांचा खर्च त्याच पद्धतीनें काढून वजा करावयाचा. गांव वेगळें, प्रत वेगळी, पीक वेगळें, भाव वेगळा, म्हणून प्रत्येक पदांतील प्रत्येक अक्षर निराळें. शेंकडा ५५ चा हिस्सा सोडला, तर सर्व पदांत समान असा एकही गुणक नाहीं. त्यामुळें सूत्र आटोपशीर करावें म्हटलें तर बाहेर काढण्यासारखें त्यांत दुसरें कांहींच सांपडत नाहीं.

याहून मोठी अडचण वजाबाकीची. समजा, एका एकराचें उत्पन्न दहा रुपये आणि खर्च आठ रुपये. निव्वळ उरले दोन. आतां उत्पन्नाच्या अंदाजांत अवघ्या एका रुपयाची चूक झाली आणि दहांचे अकरा धरले गेले, तर निव्वळ दोनांचें तीन होतें. मूळ आंकड्यांत दहावा हिस्सा चूक. सरकारच्या मागणींत मात्र निम्म्यानें वाढ. दोन मोठ्या आणि अनिश्चित संख्यांची वजाबाकी करून लहान संख्या काढावयाची, म्हणजे चुकीला भिंग लावून मोठी करण्यासारखेंच. तसेंच भावाचें. खर्च तितकाच धरून धान्याचा भाव एक-पंचमांशानें उतरला, तर दहांचे आठ होतात आणि निव्वळ कांहीं उरतच नाहीं. परंतु रोख ठरलेला सारा मात्र रुपया-सवा रुपया कायम राहतो.

इंदापुरांत नेमकें हेंच घडलें. प्रिंगलनें आपला अहवाल १८२८ सालीं सादर केला व नवे दर इंदापुरांत १८३० च्या सुमारास लागू झाले. धान्याचे भाव उतरलेले, त्यांत पावसाची ओढ. प्रती ठरविणारे हाताखालचे लोक पैसे खात आणि चांगल्या शेताची प्रत उतरवून गरिबाच्या शेताची चढवीत, अशा तक्रारी झाल्या. साऱ्याची बाकी सांचूं लागली, दरवर्षीं सूट द्यावी लागूं लागली, आणि तरीही कुळें टिकेनात. कित्येक कुटुंबें निजामाच्या हद्दींत निघून गेलीं. तालुक्यांतील लागवडीजोगी बरीचशी जमीन पड राहिली. ज्यांच्या शेतावर सारा बसविला होता त्यांतील कोणाही कुणब्यास तो आंकडा कसा आला हें सांगतां येत नव्हतें, आणि चूक दाखवून देण्याचा मार्गही त्याच्याजवळ नव्हता. पुण्यापासून विलायतेपर्यंतच्या विद्वत्तेनें तयार झालेला आंकडा गांवच्या चावडीवर मुका होता.

१८३५ सालीं सरकारनें इंदापुरची स्थिति तपासण्यास हेन्री एडवर्ड गोल्डस्मिड या तरुण अधिकाऱ्यास पाठविलें. त्याच्या जोडीला लष्कराच्या इंजिनियर पलटणींतील लेफ्टनंट जॉर्ज विंगेट आला. प्रिंगलच्या मोजणीचा बराचसा भाग त्यांनीं दुरुस्त करून ठेविला. परंतु प्रतबंदी व दर नव्यानें करावयाचें ठरविलें. १८३६ सालीं इंदापुरांत त्यांची जमाबंदी सुरू झाली आणि ती तीस वर्षांसाठीं कायम राहील, असें अभिवचन रयतेस मिळालें. याच पद्धतीचें प्रौढ रूप गोल्डस्मिड, विंगेट व डेव्हिडसन यांच्या १८४७ च्या संयुक्त अहवालांत नियमबद्ध झालेलें आढळतें.

या दोघांनीं निव्वळ उत्पन्नाचा शोध सोडून दिला. एका शेतांत किती रुपयांचें पिकतें, हा प्रश्नच त्यांनीं विचारला नाहीं. त्यांनीं विचारलें तें एवढेंच, कीं उत्तम शेत सोळा आणे धरलें तर हें शेत त्याच्या मानानें किती आण्यांचें? पहिल्या प्रश्नाचें उत्तर भावावर, पावसावर आणि सांगणाऱ्याच्या प्रामाणिकपणावर अवलंबून. दुसऱ्याचें उत्तर हातांत पहार घेऊन जमीन खणणाऱ्यास मिळतें.

मातीचे तीन प्रकार धरले : पहिला बारीक पोताची काळी किंवा गडद तपकिरी; दुसरा जरा जाड्या पोताची, बहुधा तांबूस; तिसरा खडेमिश्रित, मुरमाड वा भुसभुशीत. मग खोली हातांत मोजली : पावणेदोन हात, दीड, सव्वा, एक, पाऊण, अर्धा आणि पाव. जमिनीच्या प्रती नऊ. त्यांचें मोल अनुक्रमें सोळा, चौदा, बारा, दहा, आठ, सहा, साडेचार, तीन आणि दोन आणे. पहिल्या प्रकारची पावणेदोन हात खोल माती ती पहिली प्रत. खोली पाव हातानें कमी झाली कीं प्रत एकीनें उतरे. मातीचा प्रकार एकानें हलका निघाला कीं तीच खोली असतांही प्रत एकीनें उतरे. याखेरीज सात दोष मानलेले होते : चुनखडीचे खडे, वाळूची भेसळ, उतार, मातीचा सैलपणा, पाणी न मुरणें, वाहत्या पाण्यानें धुपणें आणि उपळवट. यांपैकीं प्रत्येक दोषास आणखी एक प्रत खालीं.

संयुक्त अहवालांत हें सर्व मोठ्या कोष्टकाच्या रूपानें दिलेलें आहे. परंतु कोष्टकाकडे बीजगणिताच्या दृष्टीनें पाहिलें म्हणजे तें एका ओळींत मावतें. प्रतीचा क्रमांक म्हणजे एक, अधिक खोलींत जितके पाव हात कमी तितके, अधिक मातीचा प्रकार जितक्या पायऱ्या उतरला तितके, अधिक जितके दोष तितके. उदाहरणार्थ, काळी माती सव्वा हात खोल आणि उतारावर : पावणेदोनांस दोन पाव कमी, प्रकार पहिलाच, दोष एक, एक, दोन आणि एक मिळून चार. चौथी प्रत, म्हणजे दहा आणे. तांबूस माती पाऊण हात खोल, दोष नाहीं : एक, चार आणि एक मिळून सहा, सहावी प्रत, सहा आणे. जें ज्ञान वर्णनांत पसरलेलें होतें तें असें साध्या बेरजेवर आलें.

वर्गकाराच्या वहींत प्रत्येक शेताचा कच्चा आराखडा काढून त्याचे सारख्या आकाराचे चौकोनी भाग पाडीत. प्रत्येक भागांत मातीचा प्रकार, खोली आणि दोष हे लेखांत नव्हे तर चिन्हांनीं मांडीत. या रीतीला भाग-आणेवारी म्हणत. समजा, आठ एकरांच्या शेताचे आठ भाग पाडले. दोन भाग चौदा आण्यांचे, तीन दहा आण्यांचे, दोन आठ आण्यांचे आणि एक सहा आण्यांचा. बेरीज अठ्ठावीस, तीस, सोळा व सहा, म्हणजे ऐंशी; भाग आठ; शेताची आणेवारी दहा. अशी शेतामागून शेत चाले, आणि गांवच्या सर्व शेतांची आणेवारी दप्तरांत येई.

आतां दराचा प्रश्न. पावसाचें मान, बाजाराची जवळीक, रस्ता, लागवडीची रीत या गोष्टी एका शेताच्या नसून सबंध गांवाच्या असतात. म्हणून त्यांचा विचार शेतांत न मिसळतां वेगळा ठेवला. सारख्या परिस्थितीच्या गांवांचे गट केले आणि प्रत्येक गटास सोळा आणे जमिनीचा एकरीं कमाल दर नेमून दिला. हा दर ठरवितांना सिद्धांताचा आधार नव्हता. मागील अनेक वर्षांत प्रत्यक्ष वसूल किती झाला, लागवड केव्हां वाढली व केव्हां घटली, हें पाहून अधिकारी आपल्या अजमासानें तो ठरवीत. शेताचा सारा म्हणजे गटाचा दर गुणिले शेताचे एकर गुणिले शेताची आणेवारी, भागिले सोळा. वरील आठ एकरांच्या शेतास गटाचा दर एकरीं एक रुपया धरला, तर सारा पांच रुपये.

या मांडणींतील मर्म असें आहे. प्रत्येक शेतासाठीं दर, क्षेत्र आणि आणेवारी अशा तीन अक्षरांचा गुणाकार आहे. परंतु एका गटांतील सर्व पदांत दराचें अक्षर तेंच असल्यामुळें तें कंसाबाहेर काढतां येतें. कंसांत उरतें तें केवळ क्षेत्र गुणिले आणेवारी यांच्या बेरजेचें. ही बेरीज एकदां करून ठेविली कीं पुढें दर कितीही वेळां बदलला तरी शेतांवर पुन्हां जाण्याचें कारण नाहीं. एका गुणाकारानें गटाचा सर्व आकार निघतो. जमिनीचा कस कंसाच्या आंत, काळाचा फेर कंसाच्या बाहेर. प्रिंगलच्या सूत्रांत या दोन गोष्टी एकमेकींत कालवलेल्या होत्या. गोल्डस्मिड-विंगेट यांनीं त्या सोडवून वेगळ्या केल्या.

अज्ञात राशीला अक्षर देऊन तिच्याशीं व्यवहार करण्याची विद्या महाराष्ट्रास परकी नाहीं. ११५० सालीं सिद्धांतशिरोमणि पूर्ण करणाऱ्या भास्कराचार्यांच्या बीजगणितांत ‘यावत्तावत्’ बद्दल ‘या’, ‘कालक’ बद्दल ‘का’, ‘नीलक’ बद्दल ‘नी’ अशीं अक्षरें येतात, आणि समान पदें एकत्र आणून समीकरण लहान करण्याचे नियम सांगितलेले आहेत. आज हेंच काम संगणकाकडून करून घेतां येतें. अमेरिकेंतील मॅसॅच्युसेट्स येथील तंत्रविद्यालयांत १९६८ सालापासून मॅकसिमा नांवाची आज्ञावली तयार होऊं लागली. तिचाच वारसा सांगणारी मॅक्सिमा आज कोणासही विनामूल्य मिळते. अशा आज्ञावलीस संख्या न देतां अक्षरेंच द्यावयाचीं. शेंकडों पदांची बेरीज तिच्यापुढें ठेवावी, कीं समान गुणक कोणता तें शोधून ती कंस बांधून देते. मोठ्या माहितीसंग्रहांत गट पाडून बेरजा घेतांना हा उपयोग बहुमोल ठरतो. कारण आधीं गुणून मग बेरीज करण्याऐवजीं आधीं बेरीज करून मग एकदांच गुणलें, तर लक्षावधि गुणाकार वांचतात.

परंतु गटांच्या बेरजेंत एक खांचखळगाही आहे. १९९६ सालीं जिम ग्रे व त्याच्या सहकाऱ्यांनीं संगणकांतील अशा संकलनांचे तीन वर्ग सांगितले. बेरीज, गणती, सर्वांत मोठी व सर्वांत लहान संख्या यांचीं गटवार उत्तरें पुन्हां एकत्र केलीं तरी चालतें. सरासरीचें तसें नाहीं. तिच्यासाठीं बेरीज आणि गणती अशीं दोन पदें जवळ ठेवावीं लागतात. आणि मध्यक, म्हणजे क्रमानें लावलेल्या संख्यांतील मधली संख्या, ही तर गटांच्या उत्तरांवरून मिळतच नाहीं. मूळ माहितीकडे परत जावें लागतें. भाग-आणेवारींत सरासरीचाच प्रश्न होता. दोन एकरांचें शेत चौदा आण्यांचें आणि दहा एकरांचें पांच आण्यांचें असेल, तर दोन आंकड्यांची नुसती सरासरी साडेनऊ आणे येते. पण क्षेत्र धरून हिशेब केला तर अठ्ठावीस व पन्नास मिळून अठ्ठ्याहत्तर, भागिले बारा, म्हणजे साडेसहा आणे. एकरीं एक रुपया दरानें पहिल्या हिशेबांत रयतेकडून दोन रुपये चार आणे जास्त घेतले जातील. शेताचे भाग सारख्या आकाराचे पाडण्याचा नियम याचसाठीं होता : भाग सारखे असले म्हणजे साध्या सरासरीनेंही अन्याय होत नाहीं.

या पद्धतीचा खरा लाभ कारकुनापेक्षां कुणब्यास झाला. हात म्हणजे काय, पाऊण हात खोल माती कोणती, चुनखडी कोठें लागते, आणि सोळांतून दहा आणे म्हणजे किती, हें निरक्षर मनुष्यही जाणत होता. आपल्या बांधावर उभें राहून तो वर्गकारास, येथें खणून पाहा, असें सांगूं शकत होता. निव्वळ उत्पन्नाच्या हिशेबांत त्याच्याजवळ बोलावयास शब्द नव्हता. आणेवारींत त्याची भाषा सरकारी दप्तरांत शिरली. दर हलके झाले, तीस वर्षांची हमी मिळाली, आणि विहीर खणली वा बांध घातला तरी सारा वाढणार नाहीं अशी खात्री पटली. परागंदा झालेलीं कुळें परतूं लागलीं व पड जमीन लागवडीखालीं येत गेली. लवकरच ही रीत भीमथडींत, सोलापुराकडे व पुढें सबंध इलाख्यांत नेली. वऱ्हाड आणि म्हैसूरपर्यंत तिचा प्रसार झाला.

तथापि जें सूत्राचें बळ तेंच त्याचें भय होतें. दर कंसाबाहेर आला, म्हणजे तो बदलणें सोपें झालें. शेतावर न जातां, माती न पाहतां, कचेरींत बसून एका आंकड्याच्या जागीं दुसरा आंकडा लिहिला कीं गटांतील प्रत्येक कुळाचा सारा त्याच प्रमाणांत चढे. इंदापुरची मुदत संपली ती अशा वेळीं, कीं १८६१ ते १८६५ या काळांत अमेरिकेंत यादवी माजून कापसाचे भाव कडाडले होते, धान्यही महागलें होतें, आणि पुण्याहून सोलापुराकडे जाणारी आगगाडी तालुक्याच्या उत्तर कडेनें धांवूं लागली होती. १८६७ सालीं कर्नल फ्रान्सिस यांच्या देखरेखीखालीं फेरजमाबंदी झाली. मोजणी पुन्हां झाली, दर वाढविले, आणि तालुक्याचा एकूण आकार सुमारें निम्म्यानें वाढला. लौकरच भाव पडले. सारा मात्र वाढलेलाच राहिला.

याचे पडसाद पुण्यांत उमटले. १८७० सालीं स्थापन झालेल्या सार्वजनिक सभेनें दख्खनच्या शेतकऱ्यांच्या स्थितीची चौकशी हातीं घेतली व वाढीव साऱ्याविरुद्ध आवाज उठविला. १२ मे १८७५ रोजीं भीमथडी तालुक्यांतील सुपें येथें बाजारासाठीं जमलेल्या शेतकऱ्यांनीं सावकारांच्या घरांवर व दुकानांवर चाल करून त्यांच्या वह्या आणि खतें हिसकावून घेतलीं. तेथून ही धामधूम पुणें व नगर जिल्ह्यांत पसरली. सुपें आज बारामती तालुक्यांत आहे. दंग्याचें मुख्य कारण कर्जाचा फांस हें खरें. परंतु सारा भरण्यासाठींच कुणबी सावकाराच्या ओट्यावर जाई, हें चौकशी मंडळासमोर आल्यावांचून राहिलें नाहीं. मंडळाचे एक सभासद ऑकलंड कॉल्व्हिन यांनीं तर साऱ्याच्या वाढीवर स्पष्ट ठपका ठेविला. १८७९ चा दख्खनच्या शेतकऱ्यांसंबंधींचा कायदा या सर्वांतून जन्मास आला.

सरकारनें १८७४ सालींच फेरजमाबंदीच्या वाढीस मर्यादा घातली होती, आणि ती मर्यादाही गटांच्या भाषेंतच होती. तालुका किंवा गांवांचा गट धरला तर शेंकडा ३३ हून अधिक वाढ नको; एका गांवापुरती ६६ पर्यंत; एका खातेदारापुरती १०० पर्यंत. या तीन आंकड्यांत संकलनाचें सारें तत्त्व सामावलेलें आहे. गट जितका मोठा तितके आंतील चढउतार एकमेकांत जिरतात, आणि एकूण आंकडा सौम्य दिसतो. तालुक्याची वाढ ३३ वर थांबली असतां त्याच तालुक्यांतील एखाद्या घराचा सारा दुप्पट झालेला असूं शकतो, आणि नियम मोडलेला नसतो. तालुक्याच्या बेरजेवर लक्ष ठेवणारा अधिकारी आणि घरांतील दाणे मोजणारी कुणबीण या दोघांचा हिशेब खरा असूनही एक नसतो. म्हणूनच एका मर्यादेऐवजीं तीन घालाव्या लागल्या.

संगणकाची आज्ञावली कितीही चतुर असली, तरी दर कंसाबाहेर काढण्याची परवानगी तिला एकाच अटीवर मिळते : गटांतील सर्वांचा दर एकच आहे, असें तिला कोणीतरी सांगावें लागतें. भीमेच्या कांठचें गांव आणि माळावरचें गांव एका गटांत घालावें कीं नाहीं, हें बीजगणित ठरवीत नाहीं. तें गांवांत फिरून, विहिरींत डोकावून, बाजाराची वाट चालून ठरवावें लागतें. गटच चुकला, तर पुढील प्रत्येक गुणाकार बिनचूक असूनही शेवटचा आंकडा अन्यायाचा होतो. गोल्डस्मिडच्या दप्तरास हा नियम जितका लागू, तितकाच आजच्या कोणत्याही कार्यालयांतील यंत्रासही.

१८७९ च्या मुंबई जमीन महसूल कायद्यानें ही पद्धत पक्की केली, आणि १९६६ च्या महाराष्ट्र जमीन महसूल संहितेपर्यंत तिचा धागा तुटला नाहीं. १८७६-७७ च्या दुष्काळानंतर नीरेच्या डाव्या कालव्याचें पाणी बारामती व इंदापूरच्या शेतांत आलें. पुढें उजनीच्या धरणानें भीमेचें पात्र फुगलें. आणेवारीच्या वहींत हलक्या ठरलेल्या कित्येक जमिनींत ऊंस डोलूं लागला. पिकांच्या अंदाजासाठीं आणेवारी हा शब्द पुढें निराळ्या अर्थानें रूढ झाला, आणि रुपयाचे शंभर पैसे झाल्यावर त्याची पैसेवारी झाली. शेताची आणेवारी मात्र गांवच्या जुन्या कागदांत पडून आहे. सात-बाराच्या उताऱ्यावर क्षेत्राच्या जवळ ‘आकार’ म्हणून रुपये-पैशांचा जो लहानसा आंकडा असतो, त्याच्या पाठीमागें कोणा वर्गकारानें पहारीनें उकरलेली माती, हातानें मोजलेली खोली आणि चौकोनांत मांडलेलीं चिन्हें आहेत.